‘रविवारी आमच्याकडे गोंधळ आहे’

पोखरणरोडची | मंगळवार, रात्री १०.४०

सासूबाई मूळच्या बार्शीच्या. धाकट्या दिराचं लग्न मागच्या आठवड्यात झालं आणि घरच्या रीतीप्रमाणे येत्या रविवारी देवीचा गोंधळ घालायचा आहे. घर दोन बेडरूमचं, म्हणून सोसायटीचं क्लबहाऊस घेतलं. आवाज होणार, तर आधी सांगितलेलं बरं, या विचाराने मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: ‘रविवारी संध्याकाळी सहा ते साडेनऊ क्लबहाऊसमध्ये आमच्याकडे गोंधळ आहे. थोडा आवाज होईल, सांभाळून घ्या. सर्वांनी यावे.’

पाचव्या मिनिटाला सेक्रेटरींचा फोन. मूळचे लखनौचे, पण ठाण्यात वीस वर्षं काढलेली, मराठी समजतं. आवाज एकदम दबका. ‘भाभी, घर में सब ठीक है ना? झगडा हुआ क्या?’ त्यांना वाटलं, नव्या सुनेवरून काही बिनसलंय आणि आम्ही तारीख-वेळ ठरवून भांडणार आहोत. वर सर्वांना आमंत्रण!

मी हसत सुटले. त्यांना सगळं समजावून सांगितलं. पण खरी गंमत पुढे. माझी मुलगी, वय अकरा, मराठी घरात वाढलेली, तीही म्हणाली, ‘आई, म्हणजे गोंधळ हा प्रोग्राम असतो?’ तिला हा शब्द फक्त माझ्या तोंडून माहीत. ‘काय गोंधळ घातलायस खोलीत!’ एवढाच.

मी मेसेज बदलून ‘कुलदेवीचा कार्यक्रम’ असं लिहायला निघाले, तर सासूबाईंनी फोन हातातून काढून घेतला. म्हणाल्या, ‘कार्यक्रम पुढाऱ्यांचे असतात. गोंधळच लिही.’

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. देवीला ज्या नावाने बोलवायचं, तेच नाव आपण पोरांच्या दंग्याला, हुकलेल्या हिशेबाला आणि विधानसभेतल्या आरडाओरड्याला कसं काय दिलं? आणि पसारा, घोळ, राडा, गडबड ही सगळी भावकी असताना प्रत्येकाचं काम वेगळं कसं? जाणकारांनी लिहा.

बाळकुमचा_बाळू | १०.५२

धागा वाचतोय. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या) म्हणणार होतो, पण इथे दिवटी (गोंधळातली मशाल) घ्या म्हणायला हवं.

कातरणवाला | ११.१५

आयुष्यभर वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसलो, म्हणून दोन पैसे माझेही. आमच्याकडे या शब्दांची निवड अर्थावर कमी आणि कॉलमच्या रुंदीवर जास्त व्हायची. एका कॉलमात मथळा बसवायचा तर ‘राडा’. दोन अक्षरं, शिवाय खप वाढवणारी. थोडी जागा असली की ‘गोंधळ’. तीन कॉलम मोकळे मिळाले तर ‘गदारोळ’, आणि पानभर पसरायची मुभा असली तर ‘हलकल्लोळ’. सभागृहातला प्रकार तोच असायचा हो. आमच्या वरिष्ठांचा एक नियम मात्र कडक: खुर्ची उचलली गेल्याशिवाय राडा लिहायचा नाही. नुसत्या घोषणा म्हणजे गोंधळ.

‘सावळागोंधळ’ हा वेगळा प्राणी. त्यात आवाज लागत नाही. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर, कोणालाच काही ठाऊक नाही, सगळे शांतपणे चहा पितायत, तो सावळागोंधळ. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, त्यातला प्रकार. आणि तो वरपर्यंत पोचला की ‘अनागोंदी’. हा शब्द तुंगभद्रेकाठच्या आनेगुंदीवरून आला. हंपीच्या समोरच्या काठावरचं हे गाव. १५६५च्या लढाईनंतर विजयनगरचं वैभव गेलं, नाव तेवढं राहिलं. गावाच्या नावाची अशी भाववाचक संज्ञा होणं हे काही कोणाला हवंसं वाटणारं भाग्य नव्हे.

संबळ_नेरूळ | बुधवार, सकाळी ७.०५

काल रात्री धागा दिसला, झोप लागली नाही म्हणा. मी गोंधळ्याच्या घरातला. आमचं घराणं रेणुराई, म्हणजे माहूरच्या रेणुकेचे. तुळजाभवानीचे ते कदमराई. सोमवार ते शुक्रवार मी महापेला एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो, आणि लग्नसराईत शनिवार-रविवार बाबांबरोबर संबळ बांधतो.

लोक ‘गोंधळ’ म्हणजे अव्यवस्था म्हणतात, तेव्हा मला हसू येतं. कारण आमच्या कामात व्यवस्थेशिवाय दुसरं काही नसतं. आधी चौक भरायचा. पाटावर कोरं कापड, त्यावर धान्याची रास, राशीवर कलश, विड्याची पानं, नारळ, घरातले देवीचे टाक. भोवती पाच ऊस उभे करून शेंड्यांना एकत्र बांधायचे. वाशीच्या मार्केटमधून शेंड्यासकट ऊस आणायचा आणि तो लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून जिन्याने बारा मजले चढवायचा, हा आता आमच्या विधीचा भाग झालाय. मग दिवटी पेटवायची, बुधलीतून तेल घालत राहायचं, ती शेवटपर्यंत विझू द्यायची नाही.

आधी गण, म्हणजे गणपतीचं स्तवन. मग आवाहन. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, एकेकाला नावानिशी ‘गोंधळाला या’ म्हणून बोलवायचं. नुसते मोठे देव बोलवून भागत नाही. यजमानाच्या गावची देवी, वेशीवरचा मारुती, कोणाच्या शेतातली म्हसोबाची जागा, सगळं आधी विचारून ठेवावं लागतं. एकदा घणसोलीला बाबांच्या हातून यजमानांच्या गावची देवी राहिली. कोपऱ्यात बसलेली आजी काठी टेकत उठली, भर आवाहनात म्हणाली, ‘आमची बाहेर उभी हाय. तिला आत घ्या, मग फुडं जावा.’ बाबांनी संबळ थांबवला, माफी मागितली आणि गण सोडून सगळं पहिल्यापासून म्हटलं.

त्यानंतर आख्यान. नायक कथा सांगतो, साथीदार मध्येच वेड्यासारखे प्रश्न विचारून हसवतो. लोकांना वाटतं तो चुकतोय. पण त्याचं प्रत्येक ‘चुकणं’ ठरलेलं असतं. शेवटी आरती.

संबळाचंच बघा. दोन भांडी जोडलेली, एक ढाल्या, म्हणजे खालच्या आवाजाचं, एक चढ्या. दोन काठ्या, त्यातली एक टोकाला वाकडी. ती वाकडी काठी मोठ्या तोंडावर घासली की जो घुमारा निघतो, तो भिंतीतून जातो. चढा आवाज दारातच राहतो, घुमारा शेजारी पोचतो. म्हणून माझं मत असं आहे की आत बसलेल्यासाठी हा शब्द देवीचा आणि भिंतीपलीकडे झोपायचा प्रयत्न करणाऱ्यासाठी दंग्याचा. दुसरा अर्थ शेजाऱ्याने दिला.

पोखरणरोडच्या ताई, एक कामाची गोष्ट: क्लबहाऊसच्या छताला धुराचे सेन्सर असतील तर आधी बघून घ्या. उलव्याला दिवटीच्या धुराने अलार्म वाजला होता. तो मात्र खरा गोंधळ.

पोखरणरोडची | ७.४०

सेन्सरचं सुचलंच नसतं! आजच विचारते. आणि शेजाऱ्याने दिलेला अर्थ, हे फार आवडलं.

सहावी_ब | ९.३०

ऐरोलीत मराठी शिकवते. वर्गात हा शब्द आला की मी मुलांना क्रियापदं पकडायला लावते. बघा कशी मजा आहे:

गोंधळ उडतो, माजतो. हे फक्त अव्यवस्थेचं. देवीचा गोंधळ कधी उडत नाही. माझा गोंधळ उडाला म्हणजे मी बिचारी, माझा दोष कमी. तू गोंधळ केलास म्हणजे दोष तुझा. ‘गोंधळ झाला’ हे कार्यालयीन, तिथे दोष कोणाचाच नाही. आणि ‘मी गोंधळले’ यात तर आवाजही नाही, सगळं डोक्याच्या आत.

पण ‘घालणे’ आणि ‘मांडणे’ ही दोन क्रियापदं दोन्हीकडे चालतात. आत्याने देवीचा गोंधळ घातला, सहावी बने गोंधळ घातला. म्हणजे शब्दाची शिवण नेमकी इथे आहे. अर्थ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर गेला तो ‘घालणे’च्या दारातून, असं मला वाटतं. जागरण घालणे, गोंधळ घालणे, हे मुळात विधीचे प्रयोग. पोरं आरडाओरडा करायला लागली, तेव्हा कोणीतरी वैतागून म्हटलं असणार, ‘काय गोंधळ घातलाय का इथे?’ टोमणा होता तो. पुढे टोमण्यातली देवी गळून पडली आणि दंगा उरला. ‘तमाशा’चं तेच झालं. ‘काय तमाशा लावलाय’ म्हणताना ढोलकी कोणाला आठवते? ‘शिमगा करणे’ त्याच रांगेतलं.

तुर्भे_पहाटे_चार | १०.१०

सहावी ब, पटलं. आमच्या मार्केटात गोंधळ म्हणत नाहीत, ‘कालवा’ म्हणतात. ‘कालवा करू नका, भाव ऐकू द्या.’

चेंदणीकर | ११.००

कालवा! आमच्या चेंदणी कोळीवाड्यात कालवं म्हटलं की पाण्यातली. दगडाला चिकटलेली, कोयत्याने फोडून काढायची, हात कापून घ्यायचे आणि मग कालवण. घाटावरच्यांचा कालवा म्हणजे पाटाचं पाणी नाहीतर बोंबाबोंब. माझी बायको साताऱ्याची. लग्नानंतर पहिल्या महिन्यात आईने तिला ‘कालवं साफ कर’ म्हटलं, तर ती झाडू घेऊन घराबाहेर गटार शोधत होती.

आणि धाग्यात वर ‘घोळ’ आलाय म्हणून. घोळ हा मासा आहे हो, आणि साधासुधा नाही. त्याच्या पोटातला फुगा, त्याला बोत म्हणतात, तो परदेशात सोन्याच्या भावाने जातो. २०२१ला पालघरच्या मुरब्याच्या बोटीला एका खेपेत दीडशेवर घोळ लागले आणि लिलाव सव्वा कोटीच्या पुढे गेला. तुमच्याकडे हिशेबात घोळ निघाला की तोंडं उतरतात. आमच्याकडे जाळ्यात घोळ निघाला की पेढे.

पोखरणरोडची | ११.२०

अवांतर नाही, चालू ठेवा! घोळाची भाजीही असते ना, बारीक जाड पानांची, आंबटसर? सासूबाई डाळ घालून करतात. शिवाय पिठात घोळणे, मनात घोळणे, घोळका, नऊवारीचा घोळ. आणि गोंधळ्यांचा झगा पायघोळ! फिरून तिथेच आलो.

सहावी_ब | ११.४५

मासा सोडला तर बाकी बहुतेक सगळ्यात गोल फिरणं आहे, बघा. पिठात वडा घोळवतो, शब्द जिभेवर घोळवतो, कापडाला घेर असतो तो घोळ. म्हणून व्यवहारातला घोळ म्हणजे आवाज नव्हे, गुंता. फिरून फिरून तिथेच. गोंधळ कानाला कळतो, घोळ कळायला कागद बघावा लागतो. बँकेत गोंधळ झाला म्हणजे रांगेत भांडणं झाली. बँकेत घोळ झाला म्हणजे पासबुक घेऊन पळा.

रंकाळ्यावरचा_ठाणेकर | दुपारी १.३०

सगळी मुंबईची मंडळी राडा म्हणजे मारामारी समजत्यात. आमच्याकडं राडा म्हणजे चिखल. ‘पावसानं अंगणात नुस्ता राडा झालाय, चपला भाईरच काढ.’ पैल्यांदा ठाण्यात आलो, जांभळी नाक्याला खोली घेतली होती. पाऊस पडला, घरमालकाला फोन केला, ‘काका, दारात लई राडा झालाय.’ काका पोलिसांस्नी घेऊन आले.

गडबडीचं बी तसंच. आमच्याकडं गडबड म्हणजे घाई. ‘गडबडीनं ये.’ हिंदीवाल्याला सांगा, त्याला वाटतंय कायतरी काळंबेरं हाय. आणि उडपी-मंगळूरकडं गेलात तर गडबड नावाचं आइस्क्रीम मिळतंय. उंच ग्लासात तीन-चार रंगाचं, मधी जेली, फळं. असली गडबड रोज चालंल.

उत्तरेकडून_सोलापूर | दुपारी ३.१५

आमच्या घरी कन्नड आणि मराठी दोन्ही. कन्नडमध्ये ‘गोंदल’ म्हणजे संभ्रम, अव्यवस्था. बातम्यांत रोज ऐकू येतो. आणि गोंधळी समाजाला तिकडे ‘गोंदलिगरु’ म्हणतात, देवीपुढे तेच गाणं, तेच वाद्य. म्हणजे ही दोन अर्थांची जोडी सीमेच्या दोन्ही बाजूंना नांदते. एकट्या मराठी शेजाऱ्याची करामत म्हणता येणार नाही, संबळदादा.

नावाचा धागा मागेही जातो. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात संगीतरत्नाकर लिहिला, त्यात ‘गौंडली’ नावाचा नृत्यप्रकार येतो. अभ्यासक गोंधळाचं नातं त्याच्याशी जोडतात. म्हणजे नाच आधी. दंगा मागाहून.

बाळकुमचा_बाळू | ३.४०

म्हणजे गाढवांचा गोंधळ आणि लाथांचा सुकाळ या म्हणीत गाढवं नाचतायत की भांडतायत?

कातरणवाला | ३.५५

लाथा आहेत म्हटल्यावर राडा. नियम आठवा, खुर्ची उचललेली आहे.

माजिवड्याची_माहेरवाशीण | रात्री ९.२०

जरा वेगळं लिहिते. इथे सगळे ‘आत शिस्त, बाहेर दंगा’ म्हणतायत, ते मला अर्धंच पटतंय. मी लहानपणी गावी मामाकडे गोंधळ पाहिलाय. रात्री एकच्या पुढे संबळाची लय चढली आणि मामीच्या अंगात आलं. केस सुटलेले, डोळे कुठेतरी, आवाज तिचा नव्हताच. मी आठ वर्षांची, आईच्या पदरात तोंड खुपसून रडत होते. कोणी म्हणालं देवी आली, कोणी लिंबू आणायला धावलं, दोघी तिला धरायला, एक जण परडी सावरायला. तेव्हा त्या खोलीत जे काही होतं त्याला व्यवस्था म्हणायला माझं मन तयार नाही. नाव बरोबर होतं, दोन्ही अर्थांनी. भिंतीच्या आतसुद्धा.

संबळ_नेरूळ | रात्री ९.५०

माहेरवाशीणताई, नाकारत नाही. पण एक सांगू? तुमच्या मामीच्या अंगात आलं तेव्हा संबळ थांबला होता का? नसणार. बाबा सांगतात, अंगात आलेल्या बाईकडे बघायचं, तिचा श्वास बघायचा आणि लय हळूहळू खाली आणायची. एकदम थांबवलं तर ती पडते. सगळी खोली सैरभैर असते तेव्हा एक माणूस मोजत असतो. तो मी आहे, निदान शनिवार-रविवारी.

माजिवड्याची_माहेरवाशीण | १०.०५

थांबला नव्हता. आत्ता तुम्ही विचारल्यावर आठवलं. मामी खाली बसली तेव्हा वाजवणाराही खाली बसला होता, तिच्यासमोर, गुडघ्यावर. पण माझं रडू खरं होतं, तेही मोजा.

तुर्भे_पहाटे_चार | गुरुवार, पहाटे ३.४५

संबळदादा, तुमच्यात बोटांची भाषा असते म्हणतात, खरं का? आमच्याकडे आंब्याचे सौदे रुमालाखाली बोटं दाबून व्हायचे. चार लोक भोवती उभे, कोणालाच भाव कळायचा नाही.

संबळ_नेरूळ | सकाळी ७.१०

करपल्लवी. बोटांच्या खुणांनी अक्षरं सांगायची. पाहुण्यांपैकी कोणीतरी आमच्यातल्या एकाच्या कानात नाव सांगतो, तो लांब उभ्या साथीदाराकडे बोटं हलवतो आणि साथीदार नाव मोठ्याने सांगतो. लोकांना वाटतं देवीने सांगितलं. मला येते, पण हळू. बाबांचा हात बघताना आजही दोन अक्षरं सुटतात. माझ्या मुलाला शिकवायला घेतली, तर तो म्हणतो, ‘पप्पा, व्हॉट्सअॅप करा ना.’

ट्रान्सहार्बर_८१४ | सकाळी ८.५०

माझा ताजा अनुभव, गाडीतूनच लिहितेय. सहावी बच्या क्रियापदांच्या परीक्षेला बसवा. वाशीला ऑफिस. ठाण्याला कानात इयरफोन, हा धागा वाचत दहा नंबरवर उभी, गाडी आली, चढले. तुर्भ्यानंतर सानपाडा यायला हवं ना? आलं जुईनगर. पनवेल गाडीत बसले होते मी. समोरच्या काकू म्हणाल्या, ‘अगं, रोज जातेस ना?’ आता हा गोंधळ उडाला, झाला, की मी घातला?

सहावी_ब | ९.१५

तुम्ही केलात. साहेबांना सांगताना मात्र ‘झाला’ म्हणा.

पोखरणरोडची | सोमवार, सकाळी ११.३०

काल झाला! उशिरा लिहितेय कारण पसारा आवरत होते. (हो, पसारा. आवाज संपल्यावर जो उरतो तो.)

ऊस जिन्यानेच चढवावे लागले, फक्त पहिल्या मजल्यापर्यंत, क्लबहाऊस तिथेच आहे. सेन्सर होतेच. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने तेवढ्यापुरते बंद केले आणि वॉचमनला बादलीभर पाणी घेऊन दारात बसवलं. तो सोलापूरचा निघाला. बादली सोडून आत येऊन बसला आणि सासूबाईंच्या आधी ‘उदे गं अंबे उदे’ त्यानेच म्हटलं.

आवाहनाआधी गोंधळ्यांनी विचारलं, ‘गावदेवी कोणती?’ सासूबाईंनी बार्शीकडच्या सांगितल्या. मग नव्या जाऊबाईंना विचारलं. ती अंबरनाथची, गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. तिच्या आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि तिच्या माहेरची देवी पलीकडून सांगितली गेली. ती नावानिशी आली तेव्हा जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी. आठ दिवसांत पहिल्यांदा तिला या घरात तिचं काहीतरी ऐकू आलं असणार.

सेक्रेटरी सहकुटुंब आले होते. दहा मिनिटांसाठी म्हणून आले, साडेनऊपर्यंत बसले. करपल्लवीत त्यांनी कानात आपलं लखनौचं घरचं नाव सांगितलं, लहानपणी आजी हाक मारायची ते. साथीदाराने एक अक्षर चुकवून सांगितलं आणि त्यांनी एवढ्या जोरात टाळी वाजवली की पोरं दचकली.

दिवटीच्या तेलाचा एक डाग टाइल्सवर पडलाय, तो जात नाहीये. उपाय माहीत असेल तर सांगा.

आणि आज सकाळी ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज, जसाच्या तसा: ‘सभी मेंबर्स ध्यान दें, पार्किंग में गोंधळ मत कीजिए. गोंधळ कल हो गया, बहुत अच्छा था.’

चेंदणीकर | ११.४५

डागावर बेसन टाका, तासभर ठेवा, मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. मासळीच्या तेलाला चालतं, देवीच्या तेलालाही चालेल.

माजिवड्याची_माहेरवाशीण | दुपारी १२.१०

संबळदादा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. फेब्रुवारीत भावाचं लग्न आहे. मामी येणार आहे, तर बाबांनाच घेऊन या.

संबळ_नेरूळ | १२.३०

व्यनि मिळाला. तुमच्या मामींच्या गावची देवी कोणती, तेवढं आत्ताच लिहून ठेवा.